बिल्ल्यासाठी मूठभर हरभरे

खोटं कशाला बोलू, गुलजारबी शाळेच्या फाटकावरून उठावी असं मला त्या दिवशी सकाळपर्यंत वाटत होतं. सात वर्षं आम्ही दोघी लिंबाखाली शेजारी शेजारी बसत होतो. मी फुटाणे-गूळ विकायची, ती उकडलेले हरभरे. मधली सुट्टी झाली की पोरं आधी तिच्याकडे पळायची. माझे फुटाणे खायचे ते तिची टोपली रिकामी झाल्यावर. जीव जळायचा माझा.

छत्तीस साल होतं. दिवाळीची सुट्टी संपली आणि शाळेच्या कमिटीनं खाऊचे नियम काढले. पोरांना हगवण लागली होती म्हणे. रंगीत गोळ्या बंद, उघडी चिंच-बोरं बंद, टोपलीवर धुतलेलं फडकं पाहिजे. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे विकणाऱ्यानं आपल्या टोपलीतली एक मूठ डॉक्टरसाहेबांसमोर खाऊन दाखवायची. खाल्ली त्याला पितळी बिल्ला, नाही त्यानं फाटकाजवळ दिसायचं नाही.

नियम चांगलाच होता. पण तपासणीच्या दिवशी मला सकाळपासून एका जागी बसवेना. फडकं दोनदा धुतलं, नखं काढली, फुटाणे तीनदा पाखडले. आमच्या सासूबाई, कुसाबाई त्यांचं नाव, म्हणाल्या, "लगीन हाय का काय तुझं?"

फाटकावर आले तर गुलजारबीची अवस्था माझ्याहून वाईट. फडक्याची टोकं उगाच सोडत होती, बांधत होती. मी म्हटलं, "अगं, तुझे हरभरे ताजे, तुला कसली धास्ती?"

ती म्हणाली, "मालन, रोजा है मेरा."

माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. रमजानात ती कधी मीठसुद्धा चाखायची नाही. तिची धाकटी शकीला चाखून सांगायची, आणि शकीला तर चार दिवस आजीकडे मालेगावला गेलेली. मूठभर खायचं कसं? घरी तिच्या नवऱ्याचा, अन्सारभाईंचा, हातमाग बंद पडलेला, पाच तोंडं त्या टोपलीवर जगत होती.

मधल्या सुट्टीच्या जरा आधी डॉक्टरसाहेब आले. मी फुटाणे खाल्ले, माझा बिल्ला झाला. मग ते तिच्याकडे वळले. तिनं हात जोडून रोज्याचं सांगितलं.

"बाई, मागच्या शाळेत एकाला एकादशी निघाली," साहेब म्हणाले, "आणि त्याच्या भज्यांना वास येत होता. तुम्ही नाही तर तुमच्या बदली कुणीतरी खा. त्याशिवाय बिल्ला नाही."

कोण खाणार? कोरडे फुटाणे कुणीही कुणाच्या हातचे घेतं. पोरांनी चोरून हरभरे खाल्ले तरी घरचे काणाडोळा करत. पण पाण्यात उकडलेलं, तेही मुसलमानाघरचं, आमच्यातलं मोठं माणूस चारचौघांत कसं खाईल? भिमाजी शिपाई आमच्याच गल्लीतला, तो वर आभाळाकडे बघायला लागला. मीही मान खाली घातली.

मग गुलजारबीचा हात टोपलीत गेला. मूठ भरली. ती हळूहळू तोंडाकडे यायला लागली, आणि तिच्या डोळ्यांतून टपटप पाणी. मला ते बघवेना. मी तिचं मनगट धरलं, मूठ माझ्या हातात घेतली आणि तोंडात टाकली.

आई गं, काय ते मीठ. भीतीच्या भरात बाईनं दोनदा टाकलेलं. घसा चरचरला. साहेब माझ्या तोंडाकडे बघत होते.

"कसे आहेत?"

"बेतशीर आहेत, साहेब," मी म्हटलं आणि गिळले.

तिला बिल्ला मिळाला. साहेबांची पाठ फिरली तशी मी माझे निम्मे बिनमिठाचे फुटाणे तिच्या टोपलीत ओतले. "ढवळ लवकर, मिठागर केलंयस त्याचं." पोरांना वाटलं, नवीन खाऊ आला.

मला तहान अशी लागली की काय सांगू. भिमाजी रोज वरून तांब्या धरून माझ्या ओंजळीत पाणी ओतायचा. त्या दिवशी आत गेला तो बाहेर आलाच नाही. शाळा सुटल्यावर तडक घरी गेले, तर बातमी माझ्याआधी पोचलेली. सासूबाईंनी माठावर हात ठेवला. "आधी गोदागंगेवर जाऊन डोक्यावरून अंघोळ कर. मग शिव."

घरात कुणी मेलं होतं का, अंघोळ करायला? मी तशीच उलटी फिरले. कुठं जायचं ते ठरवलं नव्हतं, पाय आपोआप लिंबाखाली आले. गुलजारबी मडकं पुढ्यात घेऊन उन्हाची तिरीप मावळायची वाट बघत होती. माझे सुकलेले ओठ तिला दिसले असणार.

अजान झाली. तिनं पत्र्याचा पेला भरला आणि माझ्यापुढे धरला.

"रोजा तुझा," मी म्हटलं.

"पहले तू पी."

मी घटाघटा प्यायले. पिता पिता रडले, लाज वाटली नाही. मग तिनं तोच पेला माझ्या हातातून घेतला, न विसळता भरला आणि तोंडाला लावला.