दुसऱ्या बाजूचे कुंकू

राहीबाई गेल्याचे मला कपबश्यांवरून कळले.

घरात माणूस गेले की पाहुण्यांना निरोप जातात, भावकीला सांगावा जातो. रेकॉर्ड प्लेअरला कोण सांगणार? तिचा नवरा नाथाजी मिरजेच्या दवाखान्यातून आला, बायकांची रडारड सुरू झाली, अंगणात माणसे जमली. मला वाटले, काहीतरी मोठे बिघडले आहे, आता राहीबाई येईल आणि निस्तरेल. मग शेजारच्यांनी चहा आणला आणि कुणीतरी कपबश्या माझ्या झाकणावर ठेवल्या. एरवी माझ्यावर कुणी काडेपेटी ठेवली तरी राहीबाई चुलीपासून ओरडायची. त्या दिवशी चहा सांडून माझ्या बिजागरीत गेला आणि कुणीही ओरडले नाही. तेव्हा मला कळले.

मित्रांनो, मी मलकापूरजवळच्या वस्तीवरचा एक जुना रेकॉर्ड प्लेअर आहे. वस्तीवर मला फोनो म्हणतात. राहीबाईचा भाऊ लालासाहेब पलटणीत होता आणि तेव्हा दिल्लीला होता. तिथल्या वकिलातींतले गोरे साहेबलोक मायदेशी परत जाताना घरातले सामान विकत. त्यातच त्याने मला घेतले. इतर भाऊ भाऊबीजेला लुगडे आणतात, लालासाहेबाने ओवाळणी म्हणून ताटाशेजारी मला ठेवले. राहीबाईने आधी माझ्याकडे बघितले, मग भावाकडे, आणि विचारले, “हे नेसायचं कसं?”

माझ्याबरोबर काही रेकॉर्डीही आल्या. पुढे प्रत्येक सुट्टीत तो आणखी आणायचा. त्याची निवडण्याची रीत सोपी होती. जिच्या कव्हरवरचे चित्र अजिबात कळणार नाही, ती रेकॉर्ड घ्यायची. कळणारी गाणी रेडिओवर लागतातच, असे त्याचे म्हणणे.

राहीबाईच्या घरात नवी वस्तू हळदीकुंकवाशिवाय वापरात येत नसे. नांगर असो, विहिरीवरची मोटार असो, बैल असो. मलाही झाकणावर पाच बोटे मिळाली. आणि रेकॉर्डींनाही. ती ओल्या कुंकवात बोट बुडवायची आणि रेकॉर्डीच्या कडेपासून मधल्या कागदापर्यंत सरळ ओढायची. ते वाळले की रेकॉर्ड लावायची. एक बाजू ऐकून झाल्यावर दुसऱ्या बाजूला कुंकू आणि ती ऐकायची दुसऱ्या दिवशी. नवी गोष्ट एका दिवसात संपवू नये, असे ती म्हणायची. आणि दोघांनी मिळूनच ऐकायची. नाथाजी उसाला पाणी पाजून येईपर्यंत ती मला हात लावत नसे.

एका रेकॉर्डीत नुसती वीज गात होती. तबला नाही, पेटी नाही, माणूसही नाही. लांबून घूं असा आवाज यायचा, चढायचा, उतरायचा. नाथाजी पहिल्यांदा तो ऐकून अनवाणी विहिरीकडे पळाला. त्याला वाटले, विहिरीतले पाणी संपले आणि मोटार हवा ओढू लागली. पुढे त्याला ते गाणे इतके आवडले, की एकदा खरोखरच मोटार हवा ओढू लागली तेव्हा तो बांधावर डोळे मिटून मान डोलवत बसला. घरात राहीबाईने रेकॉर्ड लावली आहे, असेच त्याला वाटले. मोटार जळाली. राहीबाई म्हणाली, “चांगली गात हुती बिचारी. तुमी दाद दिली आणि तिनं जीव दिला.”

दुसऱ्या एका रेकॉर्डीत चारपाच जण विजेच्या गिटारींवर तुटून पडले होते आणि एकजण बेंबीच्या देठापासून ओरडत होता. ती लावली त्या दिवशी शेजारचा हंबीरराव काठी घेऊन धावत आला. त्याला वाटले, भावकीत जुंपली. राहीबाई म्हणाली, “आवं बसा, भावजी. भांडान न्हाई, गानं हाय.” हंबीरराव बसला. मांडीवर काठी आडवी ठेवून त्याने सगळी बाजू ऐकली आणि पिन उचलल्यावर विचारले, “मिटलं का?”

राहीबाईला मात्र तीच रेकॉर्ड सगळ्यांत जवळची वाटली. तिचे माहेर आटपाडीकडचे. तिकडे मेंढके ढोल वाजवतात तो असाच छातीत शिरतो, असे ती सांगायची. या लोकांची मेंढरे कुठे आहेत, एवढे मात्र तिला कळत नसे.

माझेही काही दोष होते, ते लपवणार नाही. वस्तीवरच्या सगळ्या मोटारी एकदम चालू झाल्या की वीज उतरायची आणि मी मंद व्हायचो. कोवळ्या आवाजाची बाई गाता गाता हंबीररावासारखी गाऊ लागायची. नाथाजी म्हणायचा, “तिचा घसा धरलाय. जरा दम धर.”

पण माझे खरे नाव झाले ते विलायती तालामुळे. प्रत्येक रेकॉर्डीत, गाणे कसलेही असो, खट् असा ठोका पडायचा. वीज गात असो की गिटारी, खट्. नाथाजीने त्यावर बराच विचार केला होता. आलेल्यागेलेल्याला तो समजावून सांगायचा, की आपल्यात ताल पुष्कळ, पण साहेबाच्या मुलखात एकच. शिस्तीचा मुलूख आहे. लोक मान हलवायचे. हंबीरराव तर मांडीवर ठेका धरायचा आणि ठोका येण्याआधीच “आला” म्हणायचा.

मग लालासाहेब सुट्टीवर आला आणि त्याने वस्तीवर पहिल्यांदाच ती विजेची रेकॉर्ड पूर्ण ऐकली.

“दाजी,” तो म्हणाला, “ही खटखट दिल्लीला नव्हती.”

त्याने पिन उचलली, रेकॉर्ड उजेडात धरली आणि बहिणीकडे बघितले. मग फडके ओले करून कुंकू पुसले आणि रेकॉर्ड पुन्हा लावली. गाणे पाण्यासारखे सरळ वाहत गेले. कुठेही ठोका नाही. हंबीरराव मांडीवर हात उचलून बसला होता, त्याला तो खाली टाकायला जागाच मिळेना. नाथाजीचा चेहरा पडला. साहेबाच्या मुलखाविषयी त्याने केवढे काय सांगून ठेवले होते.

लालासाहेबाने बहिणीला समजावले, की लावायचेच असेल तर मधल्या कागदावर कुंकू लाव, तिथे पिन जात नाही. राहीबाई म्हणाली, “कपाळ सोडून बेंबीला कुंकू लावतंय व्हय कुनी?”

तो हसला. थोड्या वेळाने नाथाजीच म्हणाला, “लाव गं परत. ह्ये लय मोकळं मोकळं वाटतंय.” तिने परत बोट ओढले. खट्. सगळे नीट बसले.

त्या सुट्टीत लालासाहेबाने शेवटची रेकॉर्ड आणली. कव्हर नुसते काळे, चित्रच नव्हते. राहीबाईचे पोट तेव्हा दुखत होते आणि मिरजेला दाखवायचे ठरले होते. निघायच्या आदल्या दुपारी तिने एका बाजूला कुंकू लावले आणि दोघांनी ती ऐकली. असले काही मीही कधी वाजवले नव्हते. विजेच्या आवाजात गिटारी होत्या, खाली ढोल होता आणि मध्ये तिचा खट्. बाजू संपली तरी दोघे बसून राहिले.

“अर्धवटच सुटलं की,” नाथाजी म्हणाला.

“फुडचं त्या बाजूला असंल,” ती म्हणाली. “आल्यावर लावू.”

पुढचे तुम्हाला ठाऊक आहे.

वर्षश्राद्धाला लालासाहेब आला. त्याने माझी बिजागरी साफ केली आणि ती काळी रेकॉर्ड काढली. नाथाजीची बहीण बनुबाईही आली होती. “लावा की दाजी ती बाजू,” लालासाहेब म्हणाला. बनुबाईने फळीवरचा कुंकवाचा करंडा काढला, पाण्याचे बोट त्यात बुडवले आणि म्हणाली, “आन हिकडं, मी लावते.”

नाथाजीने रेकॉर्ड छातीशी धरली.

“तुजं बोट बारीक हाय, बने,” तो म्हणाला. “तिचं जाड हुतं. ताल चुकंल.”

मग त्याने स्वतःचे बोट बघितले. ते नांगराने फार जाड झालेले होते. त्याने रेकॉर्ड कव्हरात घातली आणि माझे झाकण लावले. कपबश्या ठेवायला कुणी आले तर आता तोच ओरडतो. सवय नसल्यामुळे त्याला ते नीट जमत नाही, पण तो ओरडतो.

मित्रांनो, जुन्या वस्तूची निगा राखा, तिच्यावरची धूळ पुसा. पण धूळ नसलेले काही दिसले, तर फडके ओले करण्याआधी घरातल्या माणसांना विचारा. आणि दुसरे, एखादे गाणे कळत नाही म्हणून ते बंद करू नका. थोडे थांबा. काठी मांडीवर ठेवून थांबलात तरी चालेल.

मी ठीक आहे. माझी पिन शाबूत आहे, मोटार फिरते. त्या काळ्या रेकॉर्डीच्या दुसऱ्या बाजूला कुंकू लावायचे राहिले आहे.