सासऱ्याचं नाव

वलगावच्या गावंड्यांच्या घरात बायका केस विंचरत नसत, डोकं विंचरत. सणाला दुधात केशर पडत नसे, 'पिवळं' पडे. कोर्टातल्या केसलासुद्धा तिथं खटलाच म्हणत. कारण घरातले कर्ते पुरुष होते केशवराव, आणि सुनांनी सासऱ्याचं नाव तर सोडाच, त्या नावाच्या आसपासही फिरकायचं नाही, असा साऱ्या भाऊकीचा दंडक होता.

वऱ्हाडचा कारभार नागपुरातून चालायचा, त्या काळातली ही गोष्ट. केशवराव अठरा वर्षं लोकल बोर्डाचे मेंबर होते. माणूस तापट, पण आतून लोण्याचा. आपलं वजन वापरून त्यांनी भाऊकीतल्या एकूण एक सुनेच्या नावावर चार-दोन एकर काळी जमीन करायला लावली. "बाईच्या नावावर वावर असलं म्हंजे तिले कोनी घरातून काढत नाई," असं म्हणायचे. बायकांना तेव्हा मत नव्हतं, त्यामुळे यात मतांचा हिशेब होता असं त्यांच्या शत्रूलाही म्हणता आलं नाही.

त्यांची सून रुख्मिणी, खुशालरावाची बायको, अकराव्या वर्षी या घरात आली. माहेरच्या आठवणीनं रडू लागली की मामाजी, म्हणजे सासरे केशवराव, तिला बैलबंडीत बसवून वावरात न्यायचे आणि हरभऱ्याचे घाटे सोलून तिच्या ओंजळीत टाकायचे. पुढे तिला दिवस गेले आणि सातव्या महिन्यात मामाजी गेले. मुलगा झाला. भाऊकीनं एकमतानं नाव ठेवलं, केशव. सगळ्यांना आनंद झाला. फक्त आईला आपल्या लेकराला काय म्हणावं हे कळेना.

मग ती त्याला बाबू म्हणू लागली. काकवाही बाबूच म्हणत. लेकीला बापाचं नाव घ्यायची मुभा असते, म्हणून नावानं हाक मारणारी एकच बाई, आत्या. पण ती अकोल्याला दिलेली, वर्षातून एकदा यायची. शाळेत घालायच्या दिवशी मास्तरांनी नाव विचारलं तेव्हा रुख्मिणीनं ओठ मिटले ते मिटलेच. शेवटी रस्त्यानं भाजीची टोपली घेऊन चाललेल्या नत्थुजी माळ्याला आत बोलावलं आणि त्याच्याकडून पोराचं नाव सांगून घेतलं.

बाबू मोठा झाला, नागपूरला वकिली शिकला, अमरावतीला राजापेठेत खोली घेऊन राहिला. सव्विसाव्या वर्षी तो आजोबांच्या जागेसाठी लोकल बोर्डाला उभा राहिला. आजोबांच्या मागं त्या जागेवर कापसाचा जिन चालवणारे वामनराव बसले होते आणि बसले ते उठायचं नाव घेत नव्हते. माणूस वाईट नव्हता. पण पावसाळ्यात माळ्यांच्या भाजीच्या बंड्या अमरावतीच्या वाटेवर नाल्यात रुतायच्या, कोथिंबीर तिथंच सडायची, आणि वामनराव दर निवडणुकीला नाल्यावर रपटा, म्हणजे ठेंगणा पूल, बांधतो म्हणायचे. केशवनं तो रपटा अंगावर घेतला. नकाशा, खर्च, अर्ज, सगळं तयार करून तो दारोदार फिरला.

वामनराव गावंड्यांच्या घरी लहानपणापासून जेवलेले. त्या घरातल्या बायका काय बोलतात आणि काय बोलत नाहीत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी आपल्या जिनातला मुनीम तिसरा उमेदवार म्हणून उभा केला. त्याचं नाव बाबुराव. गाव हसलं. म्हाताऱ्याला चळ लागला म्हणालं.

मतदान शाळेत होतं. ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्यानं टेबलाशी जाऊन उमेदवाराचं नाव सांगायचं आणि साहेबानं कागदावर खूण करायची, अशी पद्धत. आता जमीनवाल्या बायकांनाही मत होतं. भाऊकीतल्या अकरा सुना यादीत होत्या. त्यातल्या सहा जणी सकाळीच जाऊन आल्या, आणि मनकर्णाबाई, रुख्मिणीची थोरली चुलत जाऊ, ओट्यावर चढता चढताच बोलू लागली.

"देऊन आलो वं रुख्मा! साहाही जनींनी बाबूले मत देल्लं. सायबानं इचारलं, नाव सांगा. म्या म्हटलं, आमच्या बाबूले. सायेब म्हने, बाबुराव का? म्हटलं, राव म्हना नाई तं रावसायेब म्हना, पोरगं आमचंच हाये!"

केशव चहा पीत होता. त्यानं कप खाली ठेवला.

"काकू," तो म्हणाला, "बाबुराव म्हणजे वामनरावांचा मुनीम."

मनकर्णाबाई मटकन खाली बसली. केशव तसाच शाळेकडे धावला. वकीलच तो. त्यानं तिथल्या तिथं लेखी हरकत घेतली की साहेबांनी मतदाराला कुठलंही नाव सुचवू नये, मतदारानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं तेच लिहावं. साहेब न्यायाचा माणूस. म्हणाला, "बरोबर आहे तुमचं. झालं ते झालं. पण आता मी कुणालाही नाव वाचून दाखवणार नाही, सुचवणार नाही. पूर्ण नाव मतदारानंच सांगायचं." वामनरावांनी बाकावरून मान डोलावली.

शाळेच्या पायऱ्या उतरताना केशवच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो. साहेबानं तिन्ही नावं वाचून दाखवली असती तर उरलेल्या पाच जणींना नुसतं हो म्हणून भागलं असतं. कायदा शिकून आलेल्या लेकानं आपल्या हातानं आई-काकवांची तोंडं शिवून टाकली होती.

घरी खुशालराव बोटं मोजत बसले होते. पुरुषांची मतं अर्धीअर्धी फाटली होती. "पाच मतांवर येऊन बसलं सारं," ते म्हणाले.

"माय, तू जाऊ नको," केशव म्हणाला. "काकूंनाही सांग. हरलो तर हरलो."

रुख्मिणीला पाप लागेल ही भीती होतीच, पण ती सगळ्यात मोठी नव्हती. बापानं केलं नसतं एवढं मामाजींनी तिचं केलं होतं, आणि त्यांची सेवा करायचं वय येण्याआधीच ते गेले. त्यांच्यासाठी करता येण्यासारखी एकच गोष्ट तिच्या हाती उरली होती. ती तिनं सव्वीस वर्षं पाळली, पोटच्या पोराला अर्ध्या नावानं वाढवून पाळली. आणि दुसरीकडे हे पोर उन्हातान्हात दारोदार फिरून काळवंडलेलं. तिनं पदर नीट केला आणि चार जावांना हाका मारल्या.

शाळेत साहेबानं यादीत तिचं नाव शोधलं. "कुणाला मत?"

"म्हाया पोराले."

"नाव सांगा, बाई."

"नाव... मामाजीचं हाये तेच."

"मामाजी नावाचा उमेदवार नाही."

रुख्मिणीनं घाम पुसला. "भटजी आचमन करते ना, तवा देवाचं पयलं नाव घेते. ते."

साहेब रोज संध्या करणारा होता. त्याला हसू आलं. "मला कळलं, बाई. पण तुमच्याच मुलानं लेखी दिलं आहे. तुमच्या तोंडून येईल तेवढंच मी लिहीन."

बाकावरून वामनराव हळूच म्हणाले, "वैनी, काहून जिवाले तरास करून घेता? राहू द्या ना. नाई होत तुमच्यानं."

यात कुचेष्टा नव्हती. त्यांना खरोखरच तिची कीव आली होती, आणि त्यानंच रुख्मिणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या माणसाला तिच्याबद्दल एवढी खात्री! मामाजींनी कागदावर सुनांची नावं चढवली ती त्यांना कुणी हुसकू नये म्हणून, आणि हा त्याच मामाजींच्या नावाची कडी करून ती बाहेरून त्या सुनांच्याच दाराला लावत होता.

तिनं हात जोडले. "मामाजी, माफ करजा," असं पुटपुटली आणि म्हणाली, "केशव."

साहेबानं टाक दौतीत बुडवला.

"पूर्ण नाव," साहेब अगदी हळू म्हणाला.

पूर्ण नाव म्हणजे मध्ये नवऱ्याचं नाव. दाराशी खुशालराव उभे होते. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी जमिनीकडे पाहिलं.

"केशव खुशालराव गावंडे," रुख्मिणी एका दमात बोलून गेली आणि भिंतीला टेकली. खुशालराव पोरीसारखे लाजले. मागच्या चौघींनी आधी "रुख्मानं म्हटलं तेच" असं म्हणून पाहिलं, पण साहेब ऐकेना. मग एकेकीनं सांगितलं. शेवटच्या पार्बताबाईनं तर असं खणखणीत सांगितलं की रस्त्यावरची माणसं थबकली. वामनराव पाणी प्यायचं निमित्त करून बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी अमरावतीला मोजणी झाली. केशव तीन मतांनी पडला. बाबुरावाला सात मतं होती, सातवं त्याचं स्वतःचं.

केशव उन्हं कलताना मोटारीतून उतरला आणि टोपी मांडीवर घेऊन ओट्यावर बसून राहिला. चार शहाणी माणसं येऊन, दावा ठोक, पुढच्या खेपेला पाहू, असं सांगून गेली. मनकर्णाबाई सकाळपासून तोंड दाखवत नव्हती, तिला त्यानं स्वतः जाऊन समजावलं. रुख्मिणी चुलीपाशी होती. तिच्यासमोर जायची मात्र त्याची छाती होईना. ती बाहेर आली तेव्हा मान वर न करता म्हणाला, "माय, माझ्यापायी तुझं व्रत मोडलं. आजोबांचं नाव घेतलंस, अन् मी पडलो."

"मामाजीचं कुठं घेतलं म्या?" रुख्मिणी म्हणाली. "ते तुह्यं नाव हाये ना? म्या तुह्यं घेतलं."

त्यानं मान वर केली.

"ऊठ आता, केशव. भाकर थंडी होऊन राहिली."

तो उठला नाही. "काय म्हटलं?" त्यानं विचारलं.

ऐकू न यायला ती काही लांब नव्हती, हातभर अंतरावर होती. रुख्मिणीला ते समजलं. ती त्याच्याजवळ ओट्यावर बसली, त्याच्या मांडीवरची टोपी उचलून बाजूला ठेवली आणि पुन्हा म्हणाली, "केशव." सव्वीस वर्षांच्या वकिलाला रडू आवरेना, आणि तिनं ते आवरायला सांगितलंही नाही.