खिडकीजवळचा डबा

आपण बरं लिहितो, असा गणिताच्या सरांना जुना संशय होता. त्या पत्रानं तो पक्का झाला. कॉलेजातल्या उपाशी मुलांसाठी दुपारच्या जेवणाचा निधी उभा करायचा होता, आणि समितीतल्या बाकीच्यांनी अंग काढून घेतल्यावर आवाहनाचं पत्र लिहायचं काम सरांच्या गळ्यात पडलं. त्यांनी ते मनापासून केलं, हे मान्य करायलाच हवं. त्यांनी एका मुलीबद्दल लिहिलं. मधल्या सुट्टीत ती खिडकीजवळच्या बाकावर बसते, डब्याचं झाकण समोर आडवं धरते आणि रिकाम्या डब्यात चमचा फिरवत राहते. नाव मात्र लिहिलं नाही. एवढी काळजी घेतली म्हणून स्वतःची पाठही थोपटून घेतली.

पत्र वाचून लोकांचे डोळे पाणावले. दुकानदार, निवृत्त मंडळी, बसचे ड्रायव्हर, सगळ्यांनी हात सैल सोडला. आठवड्याभरात चाळीस मुलांच्या जेवणाची सोय झाली. जो भेटेल तो म्हणे, "काय लिहिलंय हो सर!" सरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

पण खिडकीजवळ डबा घेऊन बसणारी मुलगी अख्ख्या कॉलेजात एकच होती. गणिताच्या माणसाला एवढं सुचू नये? पत्र वर्गात पोचलं त्या दुपारी कुणी तिच्यापुढे केळं ठेवलं, कुणी अर्धा पाव. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. तिनं झाकण लावलं, दप्तर उचललं आणि गेली ती गेलीच. सहा दिवस झाले. परीक्षेच्या अर्जावर सही करायची शनिवार ही शेवटची तारीख होती. ती चुकली की वर्ष बुडालं.

शनिवारी सकाळी सर स्वतः अर्ज घेऊन तिच्या घरी गेले. एकच खोली. आई शिवणयंत्रावर कुणाच्या तरी पँटची उंची कमी करत होती. तिनं घाईघाईनं खुर्चीवरचे कपडे उचलले.

"बसा ना सर. ही खाली पाणी आणायला गेलीय, येईलच. कॉलेजला सुट्टी आहे म्हणे?"

"हो," सर म्हणाले. अर्ज त्यांनी पालथा धरला.

"तुमचं पत्र वाचलं मी. गिऱ्हाइकानं आणून दिलं. आमच्या हिचं बरं आहे, ग्रंथालयात मदत करते म्हणून कॅन्टीनवाले रोज डबा भरून देतात. म्हणून मला कधी घोर नाही. पण त्या पोरीचं वाचून घास उतरेना हो. मीही पाठवलेत थोडे पैसे. दोन पँटचे."

डबा भरून देणारं कॅन्टीन त्या कॉलेजात नव्हतंच. सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या पत्राची शाबासकी आपण आठवडाभर मिरवली, त्यानं या बाईच्या तोंडचा घास काढला होता, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

"ती मुलगी जेवते ना आता?" आईनं विचारलं.

दारात मुलगी बादली घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिच्या नजरेत राग असता तर सरांना सोपं गेलं असतं, पण ती नुसती विनवत होती.

"जेवते, आई," मुलगीच म्हणाली. "सरांनी सोय केलीय."

"तुझ्या वर्गातली का गं? कोण?"

"असं नाव सांगायचं नसतं."

बादली ठेवून तिनं हात पुसले, सरांच्या हातातून अर्ज घेतला आणि यंत्राच्या कडेवर ठेवून सही केली. सर जमिनीवरच्या चिंध्यांकडे बघत राहिले. तिच्याकडे बघायची त्यांची छाती झाली नाही.

"तेही खरंच," आई दोरा तोडत म्हणाली. "तिच्या आईच्या कानावर गेलं, तर काय होईल त्या बाईचं?"