घंगाळातली नाव

लातूर जिल्हा झाला, पाट्या बदलल्या, साहेब बदलले. पाऊस मात्र जुन्याच जिल्ह्यात राहिल्यासारखा मुरुडकडे फिरकलाच नाही. अशा सालात कुणी पाण्यावर चालणारी नाव करायला घेतली तर गाव हसणारच, आणि लिंबाजी सुताराला गाव पोटभर हसलं. त्याच्या बायकोला, तारामतीला, हसूही आलं नाही. टँकर, रांग, घागर, परत टँकर. जीव नुसता विटून गेला होता.

ही नाव करायला सांगितली होती शेषेराव गुरुजींनी. गुरुजी नांदेडचे, गोदावरीच्या काठी वाढलेले. लातूरला शाळांचं प्रदर्शन भरणार होतं आणि तिथल्या हौदात दिवसभर तरंगेल अशी लाकडी नाव त्यांना हवी होती. लिंबाजी चक्क हो म्हणाला. रोजगार हमीवर खडी फोडताना त्याच्या उजव्या हाताची बोटं चेचली होती, तेव्हापासून त्यानं पटाशीला हात लावला नव्हता. हत्यारांची पेटी मुरुडच्या मन्मथला विकायचंही ठरून गेलं होतं. बाजाराच्या दिवशी तो ती न्यायला येणार होता.

"नाव टिकली तर पेटी ठिवतो," लिंबाजी म्हणाला. "न्हाई तर जाऊ दे."

तारामतीला नावेचं काय कौतुक? पण पेटी गेली की नवराही आतून गेलाच, हे तिला कळत होतं.

धडधाकट हाताच्या दिवसांत लिंबाजी कधी डिंकाच्या भरवशावर राहिला नव्हता. त्यानं जोडलेल्या लाकडांच्या सांध्यात केस शिरायचा नाही. आता बोटं दाब धरत नव्हती, सांध्यात फट राहायची आणि ती झाकायला डिंक लागायचा. बापाच्या वेळचा जनावरांच्या कातड्याचा सरस त्यानं घरभर वास करून शिजवला, दोन फळकुटं चिकटवून पाण्यात टाकली. सरसाचा नुसता बुळबुळीत रस्सा झाला. बाटलीतला पांढरा डिंक लाकूडकामाला झकास, पण पाण्यात राहून तोही दह्यासारखा मऊ पडला. दर खेपेला तांब्याभर पाणी वाया जायचं. तारामती ते आपल्या वाटणीतून काढून द्यायची आणि मनातल्या मनात चरफडायची.

शेवटी तो एसटीनं लातूरला जाऊन दोन नळ्यांचा डिंक घेऊन आला. दोन्ही नळ्यांतला सारखा काढून कालवायचा, मग म्हणे त्याचा दगड होतो. पण त्याच्या हाताला नळीच दाबता येईना.

"आना इकडं," म्हणत तारामतीनं कौलाच्या तुकड्यावर तो काडीनं कालवला. ह्या खेपेची फळकुटं पाण्यातून काढून लिंबाजीनं दातओठ खाऊन ओढली, सुटली नाहीत. त्याच डिंकानं दोघांनी नाव जोडली.

बाजाराच्या दिवशी सकाळी तिनं घंगाळात पाणी ओतलं आणि त्यानं नाव सोडली. दिवस बुडेपर्यंत आत थेंब शिरता कामा नये. लिंबाजी शेळी सोडायला गेला आणि तारामतीचा धीर सुटला. तिनं नाव उचलली, पदरानं पुसली आणि कोनाड्यात ठेवली. पाण्यातच नसेल तर सुटणार कशी? त्याची चाहूल लागताच तिनं ती गुपचूप परत सोडली आणि घागर घेऊन टँकरकडे निघाली.

परत येऊन बघते तर घंगाळात नुसतं पाणी! नाव कोरडी पुसून त्याच कोनाड्यात, आणि शेजारी लिंबाजी चोरासारखा बसलेला.

"आवो, ही हितं कशी?"

"मला बघवंना गं. वाटलं, थोडा येळ बाहीर असू दे."

घागर उतरवता उतरवता तारामती मटकन खाली बसली. "म्या बी तेच केलतं. सकाळी."

"मंग पान्यात हुती तरी कवा?"

दोघांनाही हसू फुटलं. दमलेलं, खोकल्यासारखं हसू, पण त्या घरात ते फार दिवसांनी आलं होतं.

"आता सोडू," ती डोळे पुसत म्हणाली. "पर कुनी उठायचं न्हाई."

नाव परत घंगाळात गेली. एका बाजूला तो, एका बाजूला ती. ऊन उंबऱ्यावरून सरकत गेलं, पायांना मुंग्या आल्या, पण कुणी उठलं नाही. मन्मथ आला तेव्हा लिंबाजीनं त्याला बसल्या जागेवरूनच सांगितलं, "दिवस बुडूस्तोर थांब." मन्मथ वैतागला, पण ओट्यावर टेकला.

दिवस बुडाला. लिंबाजीनं हात पुढे केला आणि मध्येच मागे घेतला.

"तूच बघ."

तारामतीनं नावेत बोट घातलं आणि एकेक सांधा चाचपत फिरवलं. वर्षभर प्रत्येक विहिरीवरून, प्रत्येक आडावरून एकच शब्द ऐकून तिचे कान किटले होते. आज तोच तिच्या तोंडून निघाला.

"कोरडं हाय," ती म्हणाली आणि तिला भडभडून आलं.

लिंबाजी तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं ओट्याकडे मान वळवली.

"पेटी न्हाई इकायची, मन्मथ. पानी पिऊन जा."

तारामती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि तिनं तांब्या काठोकाठ भरला.