चार दिवस दाबलेला व्हिडिओ

तेजश्रीला बातमी लिहायला मी शिकवलं. शिरूर कासारात मी हे इतक्या जणांना सांगितलं होतं, की लोक माझं वाक्य अर्ध्यातच तोडून पुढचं स्वतःच म्हणायचे. बीडच्या एका दैनिकाचा तालुका प्रतिनिधी म्हणून मी चौदा वर्षं काढली. ती चौसाळ्याहून आली तेव्हा तिला आमसभा आणि ग्रामसभा यातला फरक कळत नव्हता. सहा महिने तिच्या प्रत्येक बातमीवर माझी लाल शाई असायची. पुढे दैनिकानं तालुक्याची कार्यालयं बंद केली. मी एक माइक घेतला आणि मोबाइलवर स्वतःचं यूट्यूब चॅनेल काढलं. ती मुंबईच्या मोठ्या वृत्तवाहिनीची मराठवाडा प्रतिनिधी झाली.

संध्याकाळी टीव्ही लागला की माझी बायको राजश्री हाक मारायची, “अहो, तुमची तेजश्री लागलीय.”

मी बघायचो. तिचा प्रत्येक शब्द चाळणीतून काढायचो. “बघ, आकडा चुकला. बघ, माणसाला बोलूच देत नाही.”

“मला तर बरी वाटती,” राजश्री म्हणायची. मग मला चहासुद्धा गोड लागायचा नाही.

पंचायत समितीची निवडणूक लागली. आमच्या गणात विजयसिंह उभे होते. घरात तीन पिढ्यांचं राजकारण. त्यांच्यासमोर कोळपदऱ्याच्या छबुबाई उभ्या राहिल्या. आयुष्याचे अठरा हंगाम ऊसतोडीत गेलेल्या, बौद्ध वस्तीतल्या. मुद्दा एकच होता, गायरान. कोळपदऱ्याचं एकशे चाळीस एकर गायरान सौर प्रकल्पाला द्यायचं घाटत होतं. त्यातला काही भाग छबुबाईंच्या सासऱ्यानं आणि वस्तीतल्या लोकांनी दगड वेचून वहितीखाली आणलेला, बाकीच्यावर सगळ्या गावाची जनावरं चरायची. त्यामुळे मराठा, वंजारी, धनगर, सगळ्याच वस्त्यांमधून छबुबाईंना पाठिंबा मिळू लागला. विजयसिंहांच्या गाड्या धूळ उडवत फिरत होत्या, पण सभेला माणूस जमत नव्हता.

मतदानाला सहा दिवस असताना तेजश्रीच्या वाहिनीवर बातमी लागली. पडद्यावर छबुबाईंचा चेहरा आणि त्यांचंच वाक्य, “आमाला ईज नको, सोलर नको.” खाली लाल पट्टी, ‘विकासाला विरोध, महिला उमेदवाराचं धक्कादायक विधान’. मग स्टुडिओतले चार जण अर्धा तास त्यावर ओरडत राहिले. संध्याकाळपर्यंत तो तुकडा प्रत्येक गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होता. शेतीला दिवसाची वीज मिळणार, या आशेवर बसलेले लोक खवळले. पारावर एक जण म्हणाला, “रातच्याला इच्चूकाट्यात मोटार चालू कराया ही बाई येती का?” गायरानाबद्दल कुणी बोलेना.

सौर कंपनी ज्या उद्योगसमूहाची, त्यानंच दोन वर्षांपूर्वी ती वाहिनी विकत घेतली होती. मला ते ठाऊक होतं, पण बातमी बघताना पहिला विचार मनात आला तो वेगळाच. आली का पोरगी औकातीवर? मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तेजश्री घरी आली. गाडी लांब लावून चालत आली होती. राजश्रीनं पाणी दिलं, ते तसंच ठेवून तिनं पर्समधून पेनड्राइव्ह काढला.

“सर, छबुबाईंची पूर्ण मुलाखत आहे यात. बावीस मिनिटं. मी अशी बातमी दिलीच नव्हती. वरच्या लोकांनी मुंबईत कापली.”

“तुझं नाव होतं की बातमीला.”

“होतं,” ती खाली बघत म्हणाली. “भांडले मी. ते म्हणाले, वाहिनी कुणाची आहे ते लक्षात ठेव. सर, तुमच्या चॅनेलवर पूर्ण टाका. तालुक्यातलं प्रत्येक घर तुमचं चॅनेल बघतं. अजून पाच दिवस आहेत.”

“आणि तुझी नोकरी?”

“जाईल ती गेली तर. पण मी त्या बाईच्या ओट्यावर बसून भाकरी खाल्लीय, सर.”

ती गेल्यावर मी व्हिडिओ लावला. छबुबाई म्हणत होत्या, “आमाला ईज नको, सोलर नको, असं म्हणनारी बाई मी न्हाई. ईज पायजेच. पर गायरान कावून? पलीकडं सरकारी खडकाळ माळ हाय. तितं काडी उगवत न्हाई. रस्ता करावा लागंल म्हणून कंपनीला त्यो नको.”

एवढं एक वाक्य लोकांना दाखवलं असतं तरी पुरे होतं. पण मी वाक्य बघतच नव्हतो. मी तेजश्रीला बघत होतो. ती खाली मातीत बसली होती. प्रश्न लहान विचारत होती आणि विचारून गप्प राहत होती, बाई बोलून संपेपर्यंत. मोजणीचा नकाशा तिनं स्वतः मिळवून आणला होता. माझं गाव, माझा तालुका, आणि त्या माळाचं मला सुचलं नव्हतं. मी शिकवलेलं त्यात काहीच नव्हतं. ती माझ्याहून पुढे गेली होती, आणि टीव्हीमुळे नव्हे.

हा व्हिडिओ मी टाकला असता तर लोक काय म्हणाले असते? तेजश्रीनं नोकरीवर लाथ मारून खरं बाहेर आणलं. आणि मी? अंगदनं नुसतं बटण दाबलं.

मी तिचा माइक आणि आवाज काढता येतो का, ते बघितलं. वाहिनीचा निळा माइक प्रत्येक चौकटीत छबुबाईंच्या हनुवटीखाली होता. मग ठरवलं, आपणच नवी मुलाखत घ्यायची. दुसऱ्या दिवशी कोळपदऱ्याला गेलो. छबुबाई पायात वहाणा सरकवून प्रचाराला निघत होत्या.

“मावशी, दहा मिनिटं बोला माझ्याशी.”

“त्या पोरीम्होरं समदं बोलले की. ती म्हनली, अंगद सराकडं देते, ते दाखिवतेल.” त्यांनी माझ्या दंडाला हात लावला. “लवकर दावा, बाबा. लोक दारात हुबं करीनात.”

“हो, मावशी,” मी म्हणालो.

घरी आलो आणि टाकला नाही. तेजश्रीचा मेसेज आला, ‘सर, टाकलं का?’ मी वाचला आणि उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी तिनं चार वेळा फोन केला. मोबाइल टेबलावर थरथरत होता, आणि मी तिचं नाव बघत बसलो होतो. मोठ्या वाहिनीची प्रतिनिधी माझ्यासाठी ताटकळत होती. खोटं कशाला सांगू, ते सुख मी पुरेपूर भोगलं. चौथ्या दिवशी प्रचार थांबला, तेव्हा मी स्वतःची समजूत काढली, की आता प्रचारबंदी आहे, आता कसं टाकणार?

छबुबाई शहाऐंशी मतांनी पडल्या.

आठवड्याभरानं राजश्री म्हणाली, “तेजश्री दिसत नाही हल्ली.” चौकशी केली तेव्हा कळलं, की तिनं चित्रणाची प्रत काढल्याचं मुंबईत कळलं होतं, आणि ते बाहेर नेल्याचा ठपका ठेवून वाहिनीनं तिला काढलं होतं. मला आनंद झाला. दोन दिवस तो टिकला. तिसऱ्या दिवशी मी टीव्ही लावला. ती नव्हती, आणि मला बघण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. त्या वाहिनीनं बाईचं बोलणं मालकासाठी कापलं होतं. मला तर मालकही नव्हता.

मी कोळपदऱ्याला गेलो. छबुबाई शेळ्यांना पाला टाकत होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

“पैशे दिलते का तुला कुनी?”

“नाही, मावशी.”

“मग कावून?”

“त्या पोरीवर जळलो.”

त्या पाला टाकत राहिल्या. पाला संपला तशा हात झटकून म्हणाल्या, “कुनी इकत घेतलं असतं तर मला समजलं आस्तं. हे न्हाई समजत.” मग म्हणाल्या, “म्होरल्या म्हैन्यात गायरानाची ग्रामसभा हाय. आता तरी दाव.”

त्या संध्याकाळी मी पूर्ण बावीस मिनिटं टाकली. वर तेजश्रीचं नाव लिहिलं, आणि खाली लिहिलं, की हा व्हिडिओ प्रचार संपेपर्यंत चार दिवस माझ्याकडे होता, मी तो मत्सरापोटी दाबून ठेवला. लोकांनी मला नको नको ते बोलून घेतलं. ते खरंच होतं. व्हिडिओ जिल्हाभर गेला.

ग्रामसभेत गायरान देण्याविरुद्ध ठराव झाला. पण पंचायत समितीचे सभापती आता विजयसिंह होते, आणि मोजणीचं पथक पोलीस घेऊन आलंच. छबुबाई आणि पन्नासेक बायका रस्त्यावर बसल्या. मी माइक घेऊन पोहोचलो तर तेजश्री तिथं आधीच होती. स्वतःचा मोबाइल हातात धरून मातीत बसून एका म्हातारीला काहीतरी विचारत होती. माझ्याकडे तिनं एकदा बघितलं आणि मान वळवली.

म्हातारी पोटतिडकीनं बोलत होती. इतकं चांगलं माझ्याशी कुणी बोलत नाही. माझ्या पोटात पुन्हा दुखलं. मी माइक बंद केला, आणि तिच्या चित्रणात माझी सावली येत होती म्हणून दोन पावलं मागं सरकलो.