ड्रॅगनची दाढ

दंतवैद्यांनी पुठ्ठ्याचा राजवाडा बांधला आणि तिथेच सगळं बिघडलं. उघडमीट होणारे दरवाजे, तळघरात सापळे. एवढा घाट घातल्यावर खेळणारे राजवाड्यात न जाऊन कसं चालेल?

दर रविवारी दुपारी दवाखान्याच्या मागच्या खोलीत खेळ रंगायचा. सूत्रधार दंतवैद्य. टेबलाच्या टोकाला बसून ते सांगणार, "तुम्ही अमुक ठिकाणी आहात, समोर तमुक आहे, काय करता?" बाकीच्यांनी आपापल्या पात्राचं ठरवायचं आणि फासे टाकायचे. बाकीचे म्हणजे भूगोल शिकवणाऱ्या वहिनी, दंतवैद्यांच्या बायकोचे मामा आणि नळ दुरुस्त करायला येऊन कायमचा चिकटलेला प्लंबर.

त्या रविवारी मंडळी डावीकडे वळली, राजवाडा लागला. मागे फिरून जंगलात शिरली, झाडी संपताच राजवाडा. प्लंबरने वैतागून जहाज पकडलं, तर भर समुद्रात लाटांमधून राजवाडा वर आला.

"भावजी," वहिनी म्हणाल्या, "हा राजवाडा आहे की विमा एजंट?"

"घरी बसलो असतो तर माळ्यावरून उतरला असता," मामा म्हणाले.

"तीन रस्ते दिले होते की," दंतवैद्य म्हणाले.

"दिलेत हो," वहिनी म्हणाल्या. "पण आम्ही काहीही ठरवलं तरी फरक काय पडला?"

मग पैज ठरली. पुढच्या रविवारी सूत्रधार वहिनी, आणि जमलं तर टेबलाच्या टोकाची खुर्ची त्यांचीच. दंतवैद्यांना ती खुर्ची सोडायची नव्हती. आठवडाभर ते आ वासून गप्प पडलेल्या माणसांशी बोलायचे. उलट बोलणारी माणसं या एकाच खुर्चीसमोर भेटायची.

रविवारी वहिनी हात हलवत आल्या.

"डोंगरातल्या गावात एक ड्रॅगन आहे," त्यांनी सुरुवात केली. "त्याची दाढ किडलीय. ठणका लागला की तो आग ओकतो. त्या आगीवर गावाच्या भट्ट्या चालतात, घरं उबदार राहतात. दाढ काढलीत तर ठणका जाईल, आगही जाईल. बाहेर बर्फ पडतोय. ड्रॅगन रडतोय. काय करता?"

खोड काढायच्या तयारीने आलेल्या दंतवैद्यांनी विचारलं, "यात मेख कुठे आहे?"

"मेख नाही. सांगितलं तेवढंच."

"मग बरोबर उत्तर?"

"मला ठाऊक असतं तर तुम्हाला कशाला विचारलं असतं?"

"एका जनावरापायी पोरंबाळं गारठवायची?" मामांनी गावाची बाजू धरली.

"मी दाढेला पाइप जोडतो," प्लंबर म्हणाला आणि फासे टाकले. पाइप वितळला. त्याच्या पात्राची मिशीही गेली.

दंतवैद्य ताडकन उठले. "पेशंट विव्हळतोय आणि आपण त्याच्यावर शेकत बसायचं?"

"तो पेशंट नाही, शेगडी आहे," मामा म्हणाले.

खुर्ची, पैज, सगळं विसरून दंतवैद्य ड्रॅगनच्या जबड्यात शिरले. फासे चांगले पडले, दाढ निघाली. सवयीने त्यांनी बजावलं, "दोन तास काही खाऊ नका."

"ड्रॅगन मामांकडे बघतो," वहिनी म्हणाल्या, "आणि नाइलाजाने मान डोलावतो."

मामांनी खुर्ची मागे सरकवली.

पण वहिनींनी पुढे सूट दिली नाही. "एकेक भट्टी विझतेय. गावकरी दारात उभे आहेत. एका बाईने तुमच्यासाठी आणलेला सुपाचा वाडगा परत आत नेला."

 दंतवैद्य वहिनींकडे बघतच राहिले. वहिनींनी काही लपवलं नव्हतं, कुठे ढकललं नव्हतं. किंमत आधीच सांगितली आणि नंतर ती पुरती वसूल केली. एका वाडग्याने त्यांच्या काळजाला हात घातला होता. काय डोकं आहे, ते मनात म्हणाले.

"बसा भावजी," वहिनी टोकाची खुर्ची सोडून उठल्या. "माझी हौस फिटली. पुढचं तुम्ही सांगा."

दंतवैद्यांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. इथे बसलो तर गावाचं जे होईल ते आपणच रचायचं. मग खरं काय झालं, ते कधीच कळायचं नाही.

"नको," ते म्हणाले आणि प्लंबरशेजारी जाऊन बसले. "मला आधी त्या वाडग्यावाल्या बाईकडे जायचंय. लाकडं कुठे मिळतील?"

वहिनी पुन्हा बसल्या. "जंगल आहे की जवळ. पण ड्रॅगन आता तिथे झोपलाय, कितीतरी वर्षांनी पहिल्यांदा. काय करता?"