अल्विझेचा शेवटचा ठसा

मित्रांनो, मला पाहून तुम्हाला वाटेल, चुलीत घालायचं राहून गेलेलं एखादं लाकूड असावं. वाटू दे. काळा पडलोय, कडा कुरतडल्या आहेत आणि पोटातून खांद्यापर्यंत एक चीर गेली आहे. पण मी नाशपतीच्या लाकडाचा ठसा आहे. मला शाई लावून कागदावर दाबलं, की माणसाच्या पोटाच्या आत काय काय आहे ते दिसायचं.

मला कोरलं व्हेनिसच्या अल्विझेने. त्याची बायको ऑर्सेता शाई लावायची आणि तोंडही चालवायची. अल्विझेच्या डोळ्यांपुढे तेव्हाच धुकं येऊ लागलं होतं. मला खिडकीशी घेऊन, नाक टेकवून तो कोरत बसे. हे आपलं शेवटचं काम, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून एकेका रेषेत त्याने जीव ओतला.

चित्र सांगितलं होतं पादुआच्या विद्यापीठातल्या डॉक्टर फान्तिनोंनी. त्या काळी तिथे शिकवण्याची रीत अशी, की गुरुजी उंच खुर्चीत बसून हजार वर्षांहून जुनं पुस्तक वाचणार आणि खाली न्हावी प्रेत कापणार. वाचणारा खाली बघत नसे आणि कापणाऱ्याला पुस्तक कळत नसे. पुस्तकात लिहिलं होतं, यकृताचे पाच भाग असतात. म्हणून माझ्या पोटातही पाच पाकळ्यांचं यकृत आलं. काय सुबक दिसायचं! मला फार अभिमान होता त्याचा.

पण वारं बदलत होतं. चित्रकार हाडांची चित्रं काढण्यासाठी प्रेतांपाशी बसू लागले होते, विद्यार्थी उलट प्रश्न विचारू लागले होते. मी कोरून झालो त्या हिवाळ्यात असाच कुणीतरी प्रश्न विचारला आणि फान्तिनो खुर्चीवरून खाली उतरले. त्यांनी स्वतः यकृत हातात घेतलं. पाच भाग काही सापडेनात! तुम्हाला वाटेल, पुस्तक चुकलं असं ते म्हणाले असतील. छे! ते म्हणाले, ‘‘हा माणूसच सदोष जन्मला असणार.’’ आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढे एका बाईचं प्रेत आलं, मग एका म्हाताऱ्याचं; त्यांच्यातही पाच भाग नव्हते. सगळेच कसे सदोष असतील?

एका सकाळी डॉक्टर होडीतून आमच्या दारी उतरले. चेहरा अगदी उतरलेला.

‘‘अल्विझे, ठशातलं यकृत चुकलंय. बदलावं लागेल.’’

अल्विझेच्या हातातली पटाशी तशीच राहिली. ऑर्सेता मात्र गप्प बसणारी नव्हती. ‘‘अगं मारियामाते! डॉक्टरसाहेब, इतकी वर्षं काय डोळे मिटून शिकवत होतात?’’

‘‘हो बाई,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘तसंच म्हणा.’’

ती एकदम वरमली.

मित्रांनो, आमच्यात एक अडचण असते. जास्तीची रेष तासून टाकता येते, पण तासलेली रेष परत येत नाही. मग तेवढा भाग कोरून काढायचा, नव्या लाकडाचा तुकडा ठोकून बसवायचा आणि त्यावर पुन्हा कोरायचं. ठोकताना ठसा दुभंगला, की सगळं संपलं.

‘‘नाही,’’ अल्विझे म्हणाला. ‘‘हा फुटला तर दुसरा कोरायला मला डोळे नाहीत. माझ्यामागे एवढंच राहणार आहे, डॉक्टर. राहू दे की पाच पाकळ्या! कोण बघायला जातंय आत?’’

‘‘उद्या हे चित्र डोक्यात ठेवून माझी पोरं जिवंत माणसाच्या पोटावर सुरी ठेवतील, अल्विझे.’’

अल्विझेने पटाशी खाली ठेवली. मग म्हणाला, ‘‘ठीक आहे. पण आता पुस्तकावरून नाही कोरणार. मला दाखवा.’’

‘‘अहो, तुम्हाला कोंबडी कापलेली बघवत नाही!’’ ऑर्सेता ओरडली.

‘‘बघायचं कुठं आहे आता? हातच लावायचाय.’’

तो पादुआला गेला. परत आल्यावर दोन दिवस जेवला नाही. मग मला मांडीवर घेऊन त्याने माझं पोट कोरून काढलं. तुकडा ठोकताना मी कडकन वाजलो. ऑर्सेताने डोळे झाकले. चीर खांद्यापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. नवं यकृत त्याने बोटांनी चाचपतच कोरलं. ते मोठं, एकसंध होतं, फारशी शोभा नसलेलं. मला ते आवडलं नव्हतं, खोटं कशाला बोलू?

माझा छाप घातलेलं फान्तिनोंचं नवं पुस्तक निघालं. जुन्या पंडितांनी गिल्ला केला आणि फान्तिनोंची खुर्ची गेली. पण पोरं माझा छाप छातीशी धरून न्यायची. अल्विझे पुरता आंधळा झाला, तरी कौतुकाचे शब्द ऐकून त्याचा चेहरा फुलायचा.

आणि मग फान्तिनोंचाच एक विद्यार्थी, आता स्वतः डॉक्टर झालेला, दारात आला. चाचरत म्हणाला, ‘‘आजोबा, तुमच्या चित्रात उजवं मूत्रपिंड डाव्याच्या वर आहे. ते खाली असतं. मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.’’

तेही जुन्या पुस्तकातूनच आलेलं. यकृताच्या नादात तिकडे कुणी हात लावलाच नव्हता. ऑर्सेता भडकली. ‘‘चालता हो! त्यांनी डोळे घालवले यापायी!’’

अल्विझेने तिचा हात धरला. दुसऱ्या हाताने त्याने माझी चीर चाचपली. तो म्हणाला, ‘‘या ठशाला आता दुसरा तुकडा सोसायचा नाही. तू नवा ठसा करून घे, बाळा. ऑर्सेता, तो राखलेला नाशपतीचा ओंडका दे याला.’’

त्या दिवसापासून मला कुणी शाई लावली नाही. मी पिंपाखाली टेकू म्हणून पडलो, उंदरांनी माझ्या कडा खाल्ल्या. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

म्हणून मित्रांनो, एक मागणं आहे. माझ्यासारखं जुनं काही सापडलं तर ते फेकू नका. पुसा, कोरड्या जागी ठेवा, त्यावर हात फिरवा. कुणीतरी डोळे वेचून ते केलेलं असतं. पण माझ्या पोटातलं सगळं खरं आहे, असं मात्र समजू नका. आत काय आहे ते तुम्ही स्वतः पाहा. मला खोटं ठरवणाऱ्याला अल्विझेने आपलं लाकूड दिलं होतं.